अंबुजक्का आणि न मेलेली माणसं

आमच्या मालिकेत कुणाला मारायचं असलं की आधी अंबुजक्कांना विचारावं लागायचं. दिग्दर्शकाच्या मनात आलं म्हणून चालत नसे, मी लिहून टाकलं म्हणून चालत नसे, चॅनेलनं हुकूम काढला तरी चालत नसे. अक्का चष्मा कपाळावर चढवायच्या, वही पुढं ओढायच्या आणि विचारायच्या, "प्रेत दाखवलं का?" नसेल दाखवलं तर माणूस जिवंत. मग त्याच्या अंगावर ग्रह कोसळलेला असो की त्याचं यान सूर्यात घुसलेलं असो.

गेल्या महिन्यात आमच्या निर्मात्याचा, मंजण्णाचा, फोन आला. अंबुजक्का गेल्या म्हणाला. माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "कुणी बघितलं?" मंजण्णा फोनवर रडत होता, तरी त्याला हसू फुटलं. त्यानंच बघितलं होतं. मग माझा नाइलाज झाला.

मालिकेचं नाव ‘आरने आकाश’, म्हणजे सहावं आकाश. कानडी मालिका, शनिवार-रविवारी संध्याकाळी लागायची, आणि तब्बल अकरा वर्षं लागली. म्हैसूरहून कृष्णराजनगरला जाणाऱ्या रस्त्यावर एक बंद पडलेली भाताची गिरणी होती, तिच्या शेडमध्ये आमचं सगळं अंतराळ उभं होतं. कितीही झाडलं तरी यानाच्या खिडकीवर कोंडा साचायचा. पडद्यावर बघणाऱ्याला वाटायचं, काय ती आकाशगंगेची धूळ. लिहिण्याचं ऑफिस मात्र म्हैसुरातच, विजयनगर भागात, एका घराच्या वरच्या मजल्यावर. तिथं आम्ही चार लेखक आणि अक्का. मी संवाद लिहायचो.

माझ्याशी अक्का मराठीत बोलायच्या. आमचा कुणी पूर्वज फौजेबरोबर इकडं आला, म्हैसूरच्या राजाच्या चाकरीत शिरला आणि परत जायचं विसरला. अक्कांचंही तेच. त्यामुळं आमची मराठी निम्मी कानडी. महाराष्ट्रातून नव्यानं आलेला माणूस आमचं बोलणं ऐकून आधी हसतो आणि मग आमच्याशी सावकाश, मोठ्यानं बोलायला लागतो. आम्हाला काय ऐकू येत नाही? माझी आई बेळगावची, म्हणून मला हे असं सरळ लिहिता येतं. अक्कांचं बोलणं मात्र होतं तसंच ठेवतो. वाक्याच्या शेवटी ‘अल्वा’, म्हणजे ‘नाही का’, लावल्याशिवाय त्यांना ते पुरं झाल्यासारखं वाटायचं नाही.

त्या आमच्याकडं आल्या त्या एका पत्रामुळं. तीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली होती. जमिनीचे जुने कागद सांभाळायचं काम. लग्न केलं नव्हतं, संध्याकाळी आमची मालिका बघायच्या. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी मंजण्णाला फुलस्केपची नऊ पानं पाठवली. डावीकडं समास सोडलेला, वर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’. विषय होता, ‘मृत व्यक्तींचा वारंवार आढळ होत असल्याबाबत’. आत लिहिलं होतं की शून्यराज यांचा डावा हात कोपरापासून तुटल्याचं दाखवण्यात आलं आहे, तरी पुढील महिन्यात त्यांनी त्याच हाताने कॅप्टन अभिराम यांचा गळा धरला, सबब खुलासा व्हावा. शून्यराज हा आमचा मुख्य खलनायक, पोकळीचा सम्राट. अभिराम नायक. मंजण्णा पहिल्या पानाला हसला, दुसऱ्या पानाला गप्प झाला आणि नववं पान संपल्यावर गाडी काढून त्यांच्या घरी गेला. कारण नऊच्या नऊ पानं खरी होती.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी अक्का आमच्या जिन्यावर हजर. बुटक्या, काळ्यासावळ्या, इस्त्रीची सुती साडी, केसात अबोलीच्या गजऱ्याचा एकच तुकडा. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत लांबडी वही. त्या वहीत तीन रकाने: नाव, स्थिती, आधार. जिवंताला निळी शाई, मेलेल्याला लाल. आधार म्हणजे कोणत्या भागात, कोणत्या प्रसंगात हे दिसलं. आधाराचा रकाना रिकामा असला की ती ओळ त्या मानायच्याच नाहीत. कॉम्प्युटर बेडा म्हणाल्या, नकोच. कॉम्प्युटरमध्ये खोडलेलं दिसत नाही म्हणून.

खलनायकांना त्या ‘साहेब’ म्हणायच्या. "शून्यराज साहेब आत्ता कुठल्या ग्रहावर आहेत?" असं गंभीरपणे विचारायच्या. लोहजिव्हा नावाची आमची एक दुष्ट राणी होती, ती ‘लोहजिव्हाबाई’. मी एकदा चिडवलं की अक्का, तिनं दोन चंद्र जाळलेत, तिला कसलं बाई म्हणता. तर म्हणाल्या, "माणूस बरा का वाईट हे कारकुनानं बघायचं नसतं, किट्टू. आहे का नाही, तेवढंच बघायचं, अल्वा." माझं नाव कृष्णाजी. किट्टू फक्त त्याच म्हणायच्या, आणि मला चाळिशी उलटल्यावरही ते ऐकायला बरं वाटायचं, हे कबूल करतो.

आमच्यातला एक नवा लेखक एकदा वैतागला. अहो, तो मेला हे सगळ्यांना ठाऊक आहे, प्रेत कशाला दाखवायला पाहिजे? अक्कांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, कचेरीत एकदा एक म्हातारा आला. पुतण्यांनी त्याला कागदावर मेलेला लावून घेतला होता. तो तीन दिवस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहत होता. "मी त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली. पण कागदावर तो नव्हता. कुणीतरी सुम्ने एक ओळ लिहिली होती. तेव्हापासून मी कुणाला सुम्ने मारत नाही." सुम्ने म्हणजे उगीच. त्या लेखकानं पुढं कधी वाद घातला नाही. त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

या नियमानं आमचं किती काम वाचलं ते सांगतो. शून्यराजाचं काम करणारा नट दिग्दर्शकाशी भांडला आणि सेटवरून निघून गेला. दिग्दर्शकानं रागाच्या भरात त्याच्या राजवाड्यासकट अख्खा ग्रह उडवला. दोन महिन्यांत दोघांचं भांडण मिटलं आणि मालिकाही त्याच्याविना फिकी पडली. आता परत आणायचा कसा? आम्ही डोक्याला हात लावून बसलो. जुळा भाऊ आणू, भूत आणू, चालू होतं सगळं. अक्कांनी वही उघडली. "ग्रह फुटला. मुकुट दिसला, झगा दिसला. साहेब कुठं दिसले? निळ्यातच आहेत ते." झालं, पुढच्या शनिवारी शून्यराज झग्याविना परत. तो नट म्हैसूर पाकचा डबा घेऊन आला आणि अक्कांच्या पाया पडला. तेव्हापासून खलनायकाचं काम करणारा एकूण एक माणूस सणासुदीला त्यांना भेटून जायचा आणि जाताना हळूच म्हणायचा, अक्का, तेवढं प्रेत दाखवू देऊ नका. नायकाचं काम करणारा कधी आला नाही. त्याला गरज वाटत नसे. अक्कांच्या हे लक्षात होतं. म्हणायच्या, "नायकाला परत यायला कारण लागतं. साहेबांना नुसती फट पुरते."

अक्कांच्या घरी त्या आणि त्यांची भावजय शारदा, दोघीच. भाऊ दत्तू एक दिवस सकाळी स्कूटर अंगणात ठेवून चालत बाहेर पडला तो आलाच नाही. पोलिसात तक्रार झाली, पेपरात फोटो झाला, सगळं झालं. शारदा तेव्हा तिशीची. मूलबाळ नव्हतं. ती घरीच ब्लाउज शिवायची, आणि तिची पाठ नेहमी रस्त्याकडं असायची, हे मला पहिल्यांदा गेलो तेव्हाच जाणवलं. इतर शिवणारे उजेडाकडं तोंड करून बसतात. तिला सारखं वर बघायची सवय मोडायची असणार.

कुणी दत्तूचं विचारलं की अक्का म्हणायच्या, "आहे तो. प्रेत कुठं मिळालंय?" स्वर तोच, वहीवरचा. शारदा ते ऐकायची आणि मशीन चालवायची. एकदा माझ्यासमोर तिनं विचारलं, "वन्सं, येतील का हो ते?" अक्का म्हणाल्या, "आहे एवढं सांगते. येणार का ते मी कसं सांगू?" मला वाटलं, काय ही बाई आशा धरून आहे आणि भावजयीलाही धरायला लावते आहे. मी भारावलो. इतका, की ते वाक्य उचलून मी मालिकेत घातलं.

कारण त्याच सुमारास आमचा कॅप्टन अभिराम, म्हणजे ते काम करणारा देखणा गडी, सिनेमात गेला. मंजण्णाला त्याला वीरमरण द्यायचं होतं, फुलं-तोफा-झेंडा सगळं. पण प्रेत म्हणून पडायला तो येईना, आणि प्रेताशिवाय अक्का लाल शाई उघडेनात. मग आम्ही त्याला एका अंधाऱ्या विवरात पाठवला आणि बेपत्ता ठेवला. त्याची वाग्दत्त वधू कमांडर नयना अंतराळ स्थानकाच्या खिडकीशी उभी राहायची आणि म्हणायची, ‘आहे तो. प्रेत कुठं मिळालंय?’ लोकांना फार आवडलं. पहिले दहा भाग आवडलं.

मग मात्र नयनाचं करायचं काय, कळेना. लग्न लावता येईना, लढाईवर पाठवता येईना, हसवावं तर लोक म्हणणार हिला काही वाटतं का. प्रत्येक भागात दोन मिनिटं खिडकी. शेवटी ते काम करणारी मुलगी एक दिवस मेकअप न उतरवताच विजयनगरच्या ऑफिसात आली. साधी, सरळ मुलगी, शिमोग्याकडची. अक्कांच्या टेबलासमोर उभी राहून कानडीत म्हणाली, "अक्का, तो जिवंत आहे हे तुमच्या वहीला माहीत. मी काय करू? चाळीस भाग झाले, मी काचेपाशी उभी आहे. तो मेला नाही म्हणून मी जगायचं नाही का?"

अक्कांनी वही मिटली, पिशवीत घातली आणि दुपारी तीन वाजता घरी गेल्या. इतक्या वर्षांत त्या साडेपाचच्या आधी कधी उठल्या नव्हत्या. मला वाटलं पोरीच्या बोलण्याचा राग आला. माणसाला आपल्याला सोयीचं तेच वाटतं.

इकडं शारदाचं एक वेगळंच जुळत आलं होतं. शूटिंग लांबलं आणि अक्कांना सेटवर थांबावं लागलं की ती त्यांचा डबा घेऊन गिरणीच्या शेडवर यायची. गिरणीचे मालक माधवराव कृष्णराजनगरचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मितभाषी माणूस, सेटची वायरिंग बघायला म्हणून यायचा आणि कुठली तरी वायर धरून तासभर उभा राहायचा. वायरला काही झालेलं नसे. दोघांनी काय बोलणं केलं देव जाणे, पण एक दिवस शारदानं अक्कांना सरळ सांगितलं की मला लग्न करायचं आहे. अक्का ‘सरी’ म्हणाल्या, म्हणजे बरं. त्यापुढं एक अक्षर नाही.

वकील म्हणाला, सोपं आहे. सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला कायदा मेलेला धरतो, आणि दत्तूला जाऊन आठ झाली होती. फक्त घरच्या माणसानं प्रतिज्ञापत्र द्यायचं. ज्याला खबर लागली असती अशा माणसानं. म्हणजे अक्कांनी.

प्रतिज्ञापत्रावर साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं. दुपारची वेळ. शारदानं केळी आणि चिरोटी मांडून ठेवली होती, जवळजवळ समारंभच. माधवराव खुर्चीच्या काठावर बसले होते. वकिलाच्या माणसानं कागद पुढं केला आणि कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं. अक्का कागद न वाचता सही करतील अशी त्याची समजूत होती, बिचारा. त्यांनी चष्मा नाकावर आणला आणि ओळ न् ओळ वाचत गेल्या. तिसऱ्या परिच्छेदावर थांबल्या. परत वाचलं.

"ही ओळ खोटी आहे," त्या म्हणाल्या.

ओळ अशी होती की गेल्या सात वर्षांत मी सदर इसमास पाहिलेले नाही व त्याची कसलीही खबर मला मिळालेली नाही.

शारदा म्हणाली, "म्हणजे?"

अक्कांनी सांगितलं. सगळं, एका दमात, कागदाकडं बघत. पाच वर्षांपूर्वी त्या एका नात्यातल्या मुंजीला म्हैसूरजवळच्या सोसले गावी गेल्या होत्या. पंगत बसली होती. सार वाढणारा बादली घेऊन ओळीनं येत होता. त्यांच्या पानाशी त्याची पळी थांबली. वर बघितलं तर दत्तू. त्यानं सार वाढलं आणि पुढच्या पानाकडं गेला. जेवणानंतर हात धुवायच्या जागी त्यानं अक्कांना गाठलं आणि अंबाभवानीची शपथ घातली, मी दिसलो म्हणून कुणाला सांगायचं नाही.

"आजवर शपथ मोडली नाही मी," अक्का म्हणाल्या. "आणि खोटंही बोलले नाही. तू विचारलंस तेव्हा आहे म्हणून सांगितलं, अल्वा? दर वेळी सांगितलं."

मला माझी लाज वाटली. जे मी आशा समजून चाळीस भाग विकलं ती साधी माहिती होती. आणि अक्कांची चूक अशी की असली चूक दुसऱ्या कुणाला करताही आली नसती. शपथही राखायची आणि नोंदही खरी ठेवायची, म्हणून त्यांनी स्थिती सांगितली आणि आधार लपवला. त्यांच्या हिशेबी सगळं नियमात बसत होतं. त्या नियमात शारदाची पाच वर्षं बसली.

शारदानं आवाज चढवला नाही. "त्यांनी माझं काही विचारलं का?"

इथं एक खोटं चाललं असतं. मी मनातल्या मनात अक्कांना सांगत होतो, म्हणा काहीतरी, बरी आहे का विचारलं म्हणा. अक्का म्हणाल्या, "नाही. स्कूटर गंजली का म्हणून विचारलं."

शारदा उठून आत गेली. माधवरावांनी टोपी उचलली, परत ठेवली. त्याच आठवड्यात शारदा शिलाई मशीन रिक्षात घालून मैत्रिणीकडं राहायला गेली.

पुढच्या रविवारी अक्का मला म्हणाल्या, गाडी काढ. सोसल्याला गेलो. गावात विचारत विचारत एका घराच्या मागची खोली सापडली. दत्तू दारात कोथिंबीर निवडत बसला होता. बनियन, गुडघ्यापर्यंत धोतर, सुटलेलं पोट. मी इतकी वर्षं खलनायक लिहिले, त्यांना झगे दिले, हसणं दिलं, जाळायला चंद्र दिले. हा माणूस मला म्हणाला, "ऊन आहे, मजिगे घेणार का?" मजिगे म्हणजे ताक. मला नाही लिहिता आला असता असा.

अक्कांनी त्याला एकच विचारलं, का गेलास. तो जुडी खाली ठेवून जरा वेळ विचार करत राहिला, खरंच आठवत असल्यासारखा. मग म्हणाला, "सुम्ने."

अक्कांनी बसायला दिलेली चटई मागं सारली. "शपथ तू घातलीस, मी ती मोडली," त्या म्हणाल्या. "देवीनं काय करायचं ते माझं करू दे. तू कोर्टात येणार आणि सही करणार." तो नको म्हणाला नाही. नको म्हणण्याइतकाही त्याला जोर नव्हता. दोघांच्या संमतीनं घटस्फोट मिळायला सहा महिने आणि वर काही तारखा लागल्या. प्रत्येक तारखेला अक्का पहाटेच्या बसनं सोसल्याला जाऊन त्याला दंडाला धरून घेऊन यायच्या. शारदा बाकाच्या त्या टोकाला बसायची. ती दत्तूकडं बघायची नाही, अक्कांकडंही बघायची नाही. मला वाटतं दत्तूकडं न बघणं तिला सोपं जात होतं.

त्या दिवसांत अक्कांनी वहीत अभिरामच्या नावापुढं एक ओळ लिहिली. मी ती पाहिली आहे. निळ्या शाईत, ‘जिवंत. वाट पाहू नये.’ आम्ही नयनाला खिडकीपासून हलवलं आणि स्थानकाची प्रमुख केलं. शून्यराजाचा तिनं असा काही बंदोबस्त केला की अभिरामला दहा जन्मांत जमला नसता. मालिका त्यावर आणखी दीड वर्ष चालली. मग चॅनेल कंटाळलं आणि मालिका बंद झाली. मला बंगळूरला काम मिळालं.

ऑफिस आवरत होतो त्या दिवशी शारदा आली. पहिल्यांदाच त्या जिन्यावर आली होती. अक्का कागदांना दोऱ्या बांधत होत्या. शारदा दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "शुक्रवारी लग्न आहे, कृष्णराजनगरात. माझ्याकडून वडीलधारं कुणी नाही. तुम्ही उभ्या राहाल का?" अक्का उठायला लागल्या तशी म्हणाली, "बोलणार नाही मी तुमच्याशी. पण उभ्या राहा." आणि उत्तर न घेता खाली गेली. अक्का तशाच अर्धवट उठलेल्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. मी तेवढंच एकदा पाहिलं.

लग्न एका छोट्या हॉलमध्ये झालं, पन्नास-साठ माणसं. अक्का मुलीच्या आईच्या जागी उभ्या होत्या. स्वतःच्या भावाची बायको दुसऱ्याच्या घरी पाठवायला उभी राहिलेली नणंद मी तरी दुसरी पाहिलेली नाही. पाहुण्यांत कुजबुज झाली, होणारच. अक्कांनी सगळं जिथल्या तिथं केलं. काही चुकलं नाही. शारदानंही सगळं केलं. फक्त बोलली नाही.

आमच्याकडं मुलगी निघताना माहेरची बाई तिच्या पदरात तांदूळ घालते. तांदूळ, गुळाचा खडा, खोबऱ्याची वाटी, हळकुंड. आणि मुलीनं त्यातल्या पाच मुठी परत माहेरच्या सुपात टाकायच्या असतात. याचा अर्थ, हे घर माझं अजून आहे, मी इथं येणार. आईनं घातलेले तांदूळ कुठलीही मुलगी न सांगता परत टाकते. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

अक्कांनी ओंजळीनं तांदूळ घातले. मग सूप दोन्ही हातांनी पुढं धरलं आणि डोळे मिटून घेतले. आयुष्यभर दुसऱ्याचा शब्द न मानता स्वतः तपासून बघणारी बाई, तिच्यानं ते बघवेना. शारदा पदराकडं बघत उभी राहिली. बाहेर माधवरावांची गाडी चालू झालेली ऐकू येत होती. मग तिनं एक मूठ सुपात टाकली. थांबली. मग दुसरी, तिसरी. चौथी टाकताना तिचा हात सुपावर जरा वेळ राहिला. पाचवी मूठ तिनं भरून घेतली, आणि ती तशीच मिटून गाडीकडं चालत गेली.

गाडी गेल्यावर मी म्हटलं, अक्का, चला, सोडतो म्हैसूरला. बेडा म्हणाल्या, बसनं जाईन. मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेलो. सुपातले तांदूळ त्यांनी रुमालात बांधून घेतले होते. बस लागली, माणसं चढायला लागली, तरी त्या उभ्याच.

"किट्टू," त्या म्हणाल्या, "पाच पडल्या का रे?"

"पडल्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग मान हलवली, आणि गर्दीतून वाट काढत बसमध्ये चढल्या.